‘तळ नवा केलाय’ म्हणून परत आलेली बोट

जुनी महोगनीची मोटरबोट पुन्हा उभी करायला कुणाच्या ताब्यात देणार असाल, तर पहिला हप्ता देण्याआधी हे वाचा. माझ्याकडून अख्ख्या नव्या तळाचे पैसे घेतले गेले आणि बोट परत आली ती त्याच जुन्या, आतून कुजलेल्या तळावर. वरून ती इतकी देखणी दिसत होती की धक्क्यावरचे लोक थांबून फोटो काढत होते. पुढे दीड हंगाम कुणालाच कसली शंका आली नाही.

बोट क्रिस-क्राफ्टची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतली रनअबाउट, म्हणजे छोटी, उघडी, वेगवान बोट. या बोटींचा नाद ज्यांना आहे, त्यांना त्यामागचं कारण सांगायला नको. मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावात ख्रिस स्मिथ आणि त्याच्या मुलांनी १९२२ मध्ये कंपनी काढली आणि तोवर मोजक्या धनिकांपुरती असलेली वेगवान बोट कारखान्यातून एकसारखी बाहेर पडू लागली. त्याच गावाला लागून वाहणाऱ्या सेंट क्लेअर नदीवर बोटींच्या शर्यती गाजवणाऱ्या गार वुडने १९३२ मध्ये चार पॅकार्ड इंजिनांची ‘मिस अमेरिका टेन’ ही बोट ताशी १२४ मैलांच्या वर पळवली. तो सगळा काळ या लाकडात मुरलेला आहे. सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन पाण्याशी बोलल्यासारखं घुमतं, नाळेवरून उडालेले तुषार व्हार्निशवर मोत्यांसारखे थांबतात, आणि पन्नासच्या दशकात कुणीतरी याच चाकामागे बसून हेच पाहिलं असेल असं मनात येतं. फायबरग्लास आल्यावर अशा किती बोटी अंगणात पडून कुजल्या! म्हणून हाती लागलेली एक तरी वाचावी, असं तळमळीने वाटतं. ही तळमळ समोरच्याला लगेच कळते, आणि माझ्या बाबतीत त्याने तिचाच पुरेपूर वापर केला.

कारागीर बोलायला गोड होता आणि त्याला माहिती खरोखरच होती. कोणत्या वर्षी डॅशबोर्डवर वेग-इंधन दाखवणारी कोणती घड्याळं लागत, कोणत्या रंगाची गादी असे, सगळं तोंडपाठ. ‘घाई करायची नाही, लाकडाला वेळ द्यायचा,’ हे त्याचं वाक्य. ते खरंच आहे, आणि म्हणूनच त्याच्या आडून उशीर लपवता येतो.

त्याने काय करायला हवं होतं, ते आधी सांगतो, म्हणजे चोरी कशाची झाली ते कळेल. या बोटींचा तळ दुहेरी असतो. आत पातळ फळ्यांचा तिरपा थर, त्यावर लेपात भिजवलेलं कॅनव्हास, आणि त्यावर लांबीच्या दिशेने जाड फळ्या. बरगड्या पांढऱ्या ओकच्या. कारखान्यातून निघाल्यावर काही दशकं हे उत्तम चालतं. मग लेप वाळतो, कॅनव्हास पाणी धरून ठेवतं, आणि मधल्या थरात बाहेरून न दिसणारी कूज सुरू होते. तळ नवा करायचा म्हणजे आधी बोटीला आतून आधार देऊन तिचा आकार पक्का धरायचा, ती उलटी करायची, दोन्ही थर काढायचे, कील (तळाचा मधला कणा) आणि कडेचं लाकूड तपासायचं, गेलेल्या बरगड्या नव्याने घडवायच्या. कील दोरी लावून बघायची, कारण बसलेला बाक तसाच ठेवून फळ्या मारल्या तर बोट आयुष्यभर नाक आपटत पळते. एकेका बरगडीला दिवस जातात. व्हार्निशचे दहा-बारा हात आणि प्रत्येक दोन हातांमधलं घासकाम हे सगळ्यात शेवटी येतं.

त्याने सुरुवातच शेवटापासून केली. डेक आणि बाजू अप्रतिम केल्या, हे मान्य करावंच लागेल. तळाला मात्र हात लावला तो फक्त झाकण्यासाठी: फटी कोरून त्यात पॉलियुरेथेन सीलंट, खड्ड्यांत लांबी (पुटी), मऊ पडलेल्या लाकडावर पातळ इपॉक्सी, वर तांबड्या रंगाचे जाड हात. जुन्या पद्धतीचा तळ फुगून फटी मिटाव्यात म्हणून आधी पाण्यात भिजत ठेवावा लागतो; सीलंटवर बसवलेल्या नव्या तळाला ते लागत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी बोट कोरडी राहिली, तेव्हा ती नव्या तळाची खूण वाटली.

दुसऱ्या हंगामात वेगात फिरून आलं की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या भागात, पाणी दिसू लागलं. बोट ट्रेलरवर घेतल्यावर तळाच्या रंगावर फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा उमटलेल्या होत्या आणि एका जागेतून काळपट पाणी झिरपत होतं. तिथल्या स्क्रूवरचं लाकडी बूच पटाशीच्या टोकाने काढलं. खाली स्क्रूचं डोकं गुलाबी दिसलं. पेचकस लावून जरा जोर दिला आणि ते डोकं ओल्या खडूसारखं चुरलं.

हे रूप जुन्या पितळी स्क्रूचं. वर्षानुवर्षं पाण्यात राहून पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र, तांबूस सांगाडा उरतो. बिलावर लिहिलं होतं सिलिकॉन ब्राँझ. ब्राँझचा स्क्रू दोन हंगामांत असा होऊच शकत नाही. आसपासची आणखी बुचं काढली, सगळीकडे तेच. टोच्या घेऊन कडेच्या लाकडावर दाबला तर लांबीचा पापुद्रा फुटून तो मुठीपर्यंत आत गेला.

मग कारागिराने पाठवलेले फोटो उघडून बसलो. प्रत्येक हप्त्याआधी तो कामाचे फोटो पाठवायचा: उलटी बोट, उघड्या बरगड्या, नव्या फळ्या. सुंदर काम होतं ते, फक्त माझ्या बोटीवरचं नव्हतं. माझ्या बोटीच्या उजव्या स्ट्रिंगरवर, म्हणजे तळाला आतून आधार देणाऱ्या लांब तुळईवर, पूर्वीच्या कुठल्यातरी मालकाने बॅटरीच्या खोक्यासाठी खाच पाडलेली आहे, ओबडधोबड, करवतीने. फोटोतल्या बोटीचे दोन्ही स्ट्रिंगर अखंड होते. जाब विचारल्यावर आधी ‘स्ट्रिंगर बदलला’ म्हणाला. मग बोटीतली खाच दाखवली तेव्हा फोन उचलणं बंद झालं. डॅशबोर्डवरची मूळ घड्याळंही त्याने काढून नकली बसवली होती, ते त्यानंतर लक्षात आलं. पैसे परत मिळाले नाहीत. प्रकरण अजून सुरू आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही.

स्वतंत्र सर्व्हेयरने, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाने, लाकडी हातोडीने ठोकत पूर्ण तळ तपासला. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागात खणखणीत आवाज फार थोड्या ठिकाणी आला. आता हा तळ नव्याने करायचा आहे, शिवाय त्या इपॉक्सीमुळे एरवी वाचल्या असत्या अशा काही बरगड्याही गेल्या. वरून बंद केलेल्या लाकडात पाणी अडकतं आणि कूज आणखी वेगाने पसरते. पैशापेक्षा मला याचं दुःख जास्त आहे. तो ओक सत्तर वर्षं टिकला होता.

बोट देण्यापूर्वी हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा क्रमांक) आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर स्वतः टिपून घ्या. क्रिस-क्राफ्टच्या जुन्या नोंदी व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये आहेत आणि हल नंबर दिला की त्या बोटीच्या कार्डाची प्रत मिळू शकते. तुमच्या बोटीला मुळात काय लागलं होतं, याचा कागद हातात असलेला बरा. घड्याळं, क्लीट (दोर बांधायच्या खुंट्या), दिवे, प्रत्येक वस्तूचा मागून-पुढून फोटो घ्या. बरगड्यांवर आतल्या बाजूला, तुम्हालाच ठाऊक असेल अशा जागी, खूण करा आणि कामाच्या प्रत्येक फोटोत ती दिसलीच पाहिजे असं करारात लिहून घ्या. तळ उघडा असताना, रंग लागण्याआधी, सर्व्हेयर नेऊन आणा. त्याची फी नव्या तळापुढे काहीच नाही. ‘आत्ता शेडमध्ये येऊ नका, व्हार्निशवर धूळ बसेल’ असं कुणी म्हटलं, तर त्याच आठवड्यात जा. व्हार्निश आधी आणि तळ नंतर असा क्रम सांगणाऱ्याकडे बोट ठेवूच नका.

आणि जुनं सामान परत मागा. खरोखर तळ बदलला असेल तर त्यातून फळ्यांचा ढीग, कुजक्या कॅनव्हासच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी भरलेल्या बादल्या निघतात. हे सगळं लपवता येत नाही आणि नसताना पैदाही करता येत नाही. हप्ता देण्याच्या दिवशी तो ढीग स्वतः पाहा, एक फळी उचलून बोटीच्या जुन्या फोटोंशी ताडून बघा. ‘टाकून दिलं’ असं उत्तर आलं तर पैसे तिथेच थांबवा.