वॉटर्लूवरनं परत आलेली व्हायोला

दोन रात्री जागून वाचलं आणि आता परत पहिल्यापासून वाचायलेय. अलेक्सिस हॉलचं 'अ लेडी फॉर अ ड्यूक', २०२२ सालचं. खानापुरात पाऊस धो धो, लाईट गेलेली, फोनवरच वाचलं सगळं.

गोष्ट अशी की १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत व्हायोला मेली असं सगळ्यांनी धरलंय. ती जिवंत असते, पण पुरुष म्हणून काढावं लागलेलं ते आयुष्य, पदवी, इस्टेट सगळं मागं सोडून बाई म्हणून जगायला लागते. तिचा लहानपणापासूनचा जिवाभावाचा दोस्त ग्रेसवुड तिच्या दुःखात पार खचलेला, पाय जायबंदी, दारू आणि अफूचं औषध. दोन वर्षांनी ती त्याच्या दारात उभी राहते आणि त्याला ओळखच पटत नाही.

जुनं प्रेम परत जुळायच्या गोष्टी मी लई वाचल्यात, बहुतेक ठिकाणी एक गैरसमज असतोय, तो मिटला की लगीन. इथं मिटवायला गैरसमजच नाही. कळल्यावर त्याला आनंद होतो तसा रागही येतो, कारण हा माणूस एवढे दिवस तिच्यासाठी रडलाय आणि ती होती की, आणि तिचं तरी काय चुकलं सांगा, स्वतः म्हणून जगायचं तर तिला मरावंच लागलं. दोघांचंही बरोबर, म्हणून ती पानं वाचताना घसा दाटून येतो. त्यात कायद्याच्या लेखी व्हायोला पुरुषच, आणि त्या काळी इंग्लंडात दोन पुरुषांच्या संबंधाला फाशी होती, १८६१ पर्यंत. त्यांचाच तो कायदा आपल्याकडं कलम ३७७ म्हणून आला आणि २०१८ च्या सप्टेंबरात सुटलो आपण, हे डोक्यात ठेवून वाचा.

मला सगळ्यात भिडलं ते म्हणजे व्हायोलाचं जुनं नाव पुस्तकात कुठं येतच नाही. आमच्याकडं मंगळवारी-शुक्रवारी सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगाप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मून देवीच्या नावानं बाई होऊन राहणारे, जोगवा मागायला यायचे, हिरवी साडी, कपाळभर भंडारा, आजी परडीत पीठ-मीठ घालून 'अक्का, बसा' म्हणायची. लहानपणी मी एकदा विचारलं, यांचं आधीचं नाव काय हो? आजीनं हात दाबला माझा, म्हणाली, ते विचारायचं नसतंय बाळ.

दुसरा अर्धा भाग मात्र रेंगाळतो. लंडनचे बॉल, ग्रेसवुडच्या बहिणीचं प्रकरण, यात ही दोघं बाजूलाच पडतात, शंभर पानं तरी कमी चालली असती. तरी घ्या. इंग्रजी अवघड नाही, ड्यूक-व्हायकाउंट असल्या इंग्रज सरदारी पदव्यांचा मानपान कळेपर्यंत सुरुवातीची पानं जरा नेटानं काढा.

काल आजीला पूर्ण गोष्ट सांगितली, कन्नड-मराठी मिसळून. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याचा पाय बरा झाला काय गं? नाही म्हटलं, काठी लागतेच. 'असू दे,' म्हणाली, 'ती आहे की आता हात धरायला.'