मिल्क स्टाउट की ड्राय स्टाउट? पहिला काळा ग्लास मागवण्याआधी

शनिवारी दुपारी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या ब्रूपबमध्ये बसलो होतो. सोबत मावसभाऊ. त्याने आजवर लागर, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरपलीकडे काही चाखलेलं नव्हतं. फळ्यावर दोन काळ्या बिअर लिहिल्या होत्या, मिल्क स्टाउट आणि ड्राय स्टाउट. "दादा, बिअरमध्ये दूध? फाटत नाही?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि या दोघींतला फरकही तिथूनच सुरू होतो.

मिल्क स्टाउटमध्ये दूध नसतं, दुधातली साखर असते. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी उकळताना त्यात लॅक्टोजची पूड घालतात. बिअर आंबवणारं यीस्ट माल्टमधली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं, पण लॅक्टोज त्याला पचवता येत नाही. म्हणून ते बिअरमध्ये तसंच राहतं. लॅक्टोजची गोडी आपल्या साखरेच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकी, त्यामुळे ग्लास सरबतासारखा लागत नाही. जाणवतो तो दाटपणा. खरवसाचा तुकडा विरघळल्यावर जिभेवर जो मऊ थर राहतो, साधारण तसा. त्याखाली भाजलेल्या धान्याची कॉफी-कोकोसारखी चव असते.

ड्राय स्टाउटमध्ये हा मऊ थर नाही. काळ्या होईपर्यंत भाजलेल्या जवाची चव थेट समोर येते. बिनसाखरेची कडक कॉफी, भाकरीचा करपलेला पापुद्रा, आणि घोट गिळल्यावर कोरडं पडलेलं तोंड. डब्लिनची गिनेस याच जातीची. ज्यांना माटुंग्याची फिल्टर कॉफी साखर न घालता आवडते त्यांना ही पहिल्या घोटात पटेल. बाकीच्यांना दोन-तीन घोट द्यावे लागतात.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा, कारण त्यामुळे निवड हमखास चुकते. गिनेसच्या ग्लासवरचा साईसारखा फेस पाहून लोकांना वाटतं की दूध त्यातच आहे. तो फेस नायट्रोजन वायूचा, काही बिअर नळातून मुख्यतः त्याच्या दाबाने ओततात. नायट्रोजनवर ओतली तर ड्राय स्टाउटही मखमली लागते, आणि साध्या कार्बन डायऑक्साइडवर मिल्क स्टाउटसुद्धा जिभेला टोचते. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी "ही नायट्रोवर आहे का?" एवढं विचाराच.

काळी म्हणजे कडक, हाही असाच समज. रंग भाजलेल्या धान्याचा, अल्कोहोलचा नव्हे. नळावरची गिनेस ४.२ टक्के असते. मिल्क स्टाउट बहुधा ४ ते ६ च्या मध्ये. आपल्याकडची बाटलीतली स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. उष्मांकांत मात्र मिल्क स्टाउट सहसा पुढे, न आंबलेली साखर पोटातच जाते ना.

दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं किंवा बिघडतं, त्यांनी मिल्क स्टाउटच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे असे लोक पुष्कळ आहेत. दही-ताक पचतं म्हणून ही पचेल असं समजू नका, दह्यातलं बरंचसं लॅक्टोज विरजणाने आधीच संपवलेलं असतं. व्हीगन लोकांनाही ती चालणार नाही. मॅकेसनची मिल्क स्टाउट १९०७ मध्ये इंग्लंडातल्या केंटमध्ये निघाली, आणि त्या काळात ती शक्तिवर्धक म्हणून खपवली जायची. पुढे १९४६ मध्ये तिथल्या सरकारने लेबलावरून 'मिल्क' हा शब्द काढायला लावला. तेव्हा कुणी पौष्टिक म्हणून सुचवली तर ऐकू नका.

जेवणाबरोबर मला खरा फरक कळला. झणझणीत सुक्या मटणाबरोबर ड्राय स्टाउट घेतली तर तिचा कडवटपणा तिखटाला आणखी चेव आणतो. मिल्क स्टाउट तेच तिखट शमवते, जीभ पुढच्या घासाला तयार होते. उलट कालवं, तळलेली कोळंबी, खारट-तेलकट काहीही असेल तर ड्राय स्टाउटच हवी. आयर्लंडमध्ये ती कालवांबरोबर पितात, आणि कोळीवाड्याच्या मुंबईत ही जोडी अजून रुळली नाही याची मला खंत आहे. चॉकलेट केकपाशी पुन्हा मिल्क स्टाउट.

दोन्ही चाखायच्या असतील तर छोटे टेस्टर मागवा, पण ड्राय आधी. गोड आधी घेतली तर ड्राय नुसती करपट लागते. आणि बर्फासारखी गार पिऊ नका. मुंबईच्या उकाड्यात तसा मोह होतो, पण साधारण १० अंशांवर चव उघडते. ग्लास दहा मिनिटं टेबलावर राहू द्या.

पहिलाच काळा ग्लास असेल, दूध पचत असेल, समोर तिखट असेल, तर मी बेधडक मिल्क स्टाउट सुचवेन. पण एकच. दुसऱ्या ग्लासच्या मध्यावर ती गोडी जड होते. गप्पा मारत संध्याकाळ काढायची असेल तर ड्राय.

मावसभावाने मटणाबरोबर मिल्क स्टाउट संपवली आणि मग माझ्या ग्लासातली ड्राय पुन्हा एकदा चाखली. आधी टेस्टर घेताना त्याने तोंड वाकडं केलं होतं. या वेळी ग्लास परत द्यायला त्याने जरा वेळ लावला.