काडीवरचं की शेगडीवरचं? जपानमध्ये वजडी-कलेजी खायला कुठे बसावं

जपानमध्ये काळीज (म्हणजे यकृत), जठर, आतडी निखाऱ्यावर भाजून मिळतात ती मुख्यतः दोन तऱ्हेच्या दुकानांत. याकितोन (किंवा मोत्सुयाकी) दुकानात भाजणारा डुकराचे तुकडे बांबूच्या काडीला ओवून, भाजून हातात देतो. होरुमोनयाकीत टेबलावर शिचिरिन, म्हणजे मातीची छोटी शेगडी येते, बहुधा गुरांची आतडी कच्चीच ताटलीत येतात आणि भाजायचं आपण.

ही दोन्ही मांसं चालत नसतील तर कोंबडीच्या याकितोरीकडे वळा. सुनागिमो आणि रेबा म्हणजे आपलीच पोटा-कलेजी, फक्त मसाल्याविना. तरी आधी विचारून घ्या, कारण काही दुकानं त्याच जाळीवर डुकराच्या काड्याही भाजतात. टोकियोशेजारच्या साइतामा प्रांतातल्या हिगाशिमात्सुयामा शहरात तर याकितोरी म्हटलं की डुकराच्या डोक्याचं मांसच येतं, वर तिखट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा).

एकटे असाल, हाताशी तासभर असेल, तर याकितोन. काडी साधारण 100 ते 200 येन. काही ठिकाणी एका प्रकारच्या दोन काड्या घ्याव्याच लागतात. मागताना 'शिओ' (मीठ) की 'तारे' (गोडसर सोया रस) ते सांगायचं. काशिरा म्हणजे डोक्या-गालाचं मांस आणि हात्सु म्हणजे हृदय, ही दोन्ही मिठावर चांगली. शिरो, म्हणजे आतडी, तारेवर घ्या. ती बहुतेक ठिकाणी आधी उकळून घेतलेली असतात, म्हणून मऊ लागतात. सोबत होप्पी: बाटलीतलं जवळपास बिनदारूचं, बिअरच्या चवीचं पेय शोचू या जपानी दारूत ओतून प्यायचं. बाटली उरली आणि ग्लासातली शोचू संपली तर नुसतं 'नाका' म्हणायचं, शोचू तेवढी भरून मिळते.

तिघं-चौघं असाल आणि घाई नसेल, तर शेगडी. खर्च जास्त, पण शिमाचो खावं ते इथेच. शिमाचो म्हणजे मोठं आतडं: एका अंगाला रेघांची कातडी, दुसऱ्या अंगाला पांढरी चरबी. बहुतेकांचं चुकतं ते इथे. चरबी खाली ठेवली की ती वितळून कोळशावर गळते, जाळ भडकतो, तुकड्यावर कडू काजळी बसते आणि तोंडात उरतं रबर. म्हणून कातडी खाली. एकूण वेळाचे पाचातले चार भाग तिलाच द्यायचे. कडा वर वळून तुकडा वाटीसारखा झाला की उलटायचा आणि चरबीला तांबूस रंग येताच उचलायचा. एका वेळी चार-पाच तुकडे पुरेत. जाळीभर पसरले तर जाळ आवरत नाही. भडकलाच तर बर्फाचा खडा जाळीवर ठेवा, बरीच दुकानं त्यासाठी वाटीत बर्फ देतात. पाणी ओतलंत तर राख उडून ताटात येईल.

क्रमही सांभाळा: आधी मिठाचं, मग तारेचं, मिसोचं अगदी शेवटी. साखर जाळीला चिकटून करपते आणि पुढचा प्रत्येक तुकडा करपट लागतो. जाळी काळी झाली की 'आमी, कोकान ओनेगाइशिमास' म्हणा, बदलून देतात.

मिनो म्हणजे गुराचं पहिलं जठर, आपल्या वजडीचाच भाऊ. पण कुकरच्या शिट्ट्यांनी मऊ झालेली वजडी मनात धरून गेलात तर निराशा होईल. इथे चिरा पाडलेला तुकडा झटपट भाजतात आणि त्याचा कुरकुरीत चिवटपणाच आवडीने खातात. जास्त वेळ ठेवला तर मऊ होत नाही, आणखी कडक होतो. मऊच हवं असेल तर काडीवरचं शिरो बरं.

आता कलेजी. जपानमध्ये गुरांचं कच्चं काळीज खायला देण्यावर जुलै 2012 पासून आणि डुकराच्या कच्च्या मांस-काळजावर जून 2015 पासून बंदी आहे. आतपर्यंत 75 अंशांवर 1 मिनिट, किंवा तितकाच परिणाम देणारी उष्णता हवी. काडीवर ही जबाबदारी भाजणाऱ्याची, शेगडीवर तुमची. कच्चं उचलायला चिमटा, खायला चॉपस्टिक, दोन्ही कधी एक करू नका. काळजाचा तुकडा मधोमध तोडून पाहा. आत लाल, ओलसर दिसलं तर परत जाळीवर. गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत असेल तर शेगडीवर काळीज मागवूच नये.

शेगडीपाशी जाड कोट घालून बसू नका, धुराचा वास बसतो. बऱ्याच ठिकाणी कोटासाठी प्लास्टिकची पिशवी मिळते, नसेल दिली तर मागून घ्या. केसांसाठी मात्र काही देत नाहीत.