काचेच्या चुऱ्याचा काँक्रीट ओटा, आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

घरी केलेला काचेचा ओटा टिकतो का असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. टिकतो, आणि दिसतो तर फारच सुंदर, पण आपल्या स्वयंपाकघरात हळद, लिंबू, चिंच हे रोजचंच असतं त्यामुळे सगळी मदार सीलरवर, म्हणजे पाणी-डाग आत मुरू नयेत म्हणून वर लावायच्या थरावर आहे.

आधी काचेचं सांगते कारण तिथेच लोक फसतात. सिमेंटमधली अल्कली आणि काचेतली सिलिका यांची ओलाव्यात रिअ‍ॅक्शन होते, जेल तयार होतं, ते फुगतं आणि आतून तडे जातात. हे लगेच दिसत नाही, महिने-वर्षं जातात. म्हणून नुसतं सिमेंट आणि काच कालवू नका, सिमेंटचा २०-२५ टक्के भाग फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख) घ्या. पांढरा ओटा हवा असेल तर व्हाइट सिमेंट आणि मेटाकाओलिन (भट्टीत तापवलेल्या चिनी मातीची पूड), कारण फ्लाय अ‍ॅशने रंग राखाडी होतो. आम्ही व्हाइट सिमेंटच घेतलं, मेटाकाओलिन १५ टक्क्यांच्या आसपास, आणि भंगारवाल्याकडच्या हिरव्या-तपकिरी बाटल्या लेबलं काढून, धुऊन, फोडून, चाळून घेतल्या. सिंकच्या कडेला ओल कायम असते, तिथे मी अजूनही बोट फिरवून बघत असते, अजून तरी केसाएवढाही तडा नाही.

ओतकाम मिस्त्रीने केलं, लॅमिनेट लावलेल्या प्लायचा साचा, मधे चिकन जाळी. वजनाचा विचार मात्र आधीच करा, ४० मिमी जाडीला चौरस फुटाला जवळपास ९ किलो भरतं, म्हणजे ६ बाय २ चा ओटा शंभर किलोच्या वर. आमच्याकडे खाली कडाप्प्याच्या उभ्या फळ्या होत्या म्हणून निभावलं. नंतर ओलं गोणपाट टाकून भरपूर पाणी मारलं.

पॉलिशला मोझॅकवालाच बोलवा, ग्रॅनाइटवाले नाही म्हणतात. पाणी सोडूनच घासायचं, कोरडं घासलं तर काँक्रीटची बारीक सिलिका धूळ फुप्फुसात जाते, मास्क लावलाच पाहिजे. सुरुवातीच्या भरड दगडाने काच उघडी पडली, मग बारीक दगडांनी ती चमकत गेली आणि एका कोपऱ्यात बाटलीच्या बुडाचा अर्धगोल जसाच्या तसा वर आला, सकाळी खिडकीतून ऊन आलं की तो एवढा गर्द हिरवा दिसतो की आलेला प्रत्येक जण तिथेच हात लावतो.

आता रोजचा वापर. लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ तसाच राहिला की तिथली चकाकी जाते, आम्ल सिमेंट खातं, सीलरने फक्त पुसायला थोडा वेळ मिळतो. हळद लगेच पुसली तर निघते, रात्रभर राहिली तर पिवळी झाक राहते, ती मात्र उन्हाने हळूहळू फिकी होते. गरम कढई थेट ठेवायची नाही, सीलरवर वळ उठतो. पोळ्या पोळपाटावरच, भाजी विळीवर नाहीतर बोर्डवर. सीलर केव्हा लावायचा हे ओळखायला पाण्याचा थेंब टाकायचा, गोल राहिला तर ठीक, पसरून खालची जागा गडद झाली की परत लावायची वेळ झाली.

गॅसखाली मी ग्रॅनाइटच सुचवेन, तिथे फोडणी, तेल, वाफ सगळं एकदम येतं. काचेचं काँक्रीट बाजूच्या ओट्याला, वाढायच्या टेबलाला किंवा बेसिनखाली घ्या. आमचा पुढचा बेसिनसाठीच होतोय, चुरा चाळून ठेवलाय, यावेळी निळ्या बाटल्या मिळाल्यात.