सिंगापूर–क्वालालंपूर विमान: आठ महिन्यांच्या ये-जा नंतरचा हिशेब

चांगी (सिंगापूरचं विमानतळ) ते केएलआयए (क्वालालंपूरचं विमानतळ) सरळ रेषेत २९७ किलोमीटर. तिकिटावर १ तास ५ ते १५ मिनिटं लिहिलेली असतात, प्रत्यक्ष हवेत विमान असतं ४०-४५ मिनिटं. बाकीचा वेळ धावपट्टीच्या रांगेत आणि उतरल्यावर गेटपर्यंत सरकण्यात जातो. थोडा कंपनीनं हातचा राखलेला असतो, म्हणून दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही बऱ्याचदा ‘वेळेवर’ पोचतं.

ताशी ८०० च्या वेगानं २२ मिनिटं व्हायला हवीत, हे गणित इथे लागू होत नाही. दहा हजार फुटांखाली साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते, आणि चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. पाण्याची ट्रॉली निम्म्या रांगांपर्यंत पोचली की पट्टे बांधायची सूचना येतेच.

घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करा. बँकॉक किंवा जकार्ताचं तिकीट असेल तर तिथलं घड्याळ तासभर मागे, तिथे हीच वजाबाकी फसते.

खरी गोम जमिनीवर आहे. केएलआयए सेपांगला, शहराच्या दक्षिणेला, म्हणजे सिंगापूरच्याच बाजूला. उतरल्यावर ५७ किलोमीटर उत्तरेला जायचंच. केएलआयए एक्सप्रेस टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनला सोडते, टर्मिनल २ वरून ३३. एकेरी भाडं ५५ रिंगिट. तिघं-चौघं असाल तर टॅक्सी स्वस्त पडते, पण संध्याकाळी तासाच्या वर धरा. जुनं केएलआयए २ म्हणजेच आताचं टर्मिनल २. नावं २०२३ मध्ये बदलली, तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. तिथलं लांबचं गेट लागलं तर स्कायब्रिजवरून (उंचावरच्या बंदिस्त पुलावरून) पंधरा मिनिटं सहज चालावं लागतं.

चांगीला टर्मिनल १, २, ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. इमिग्रेशननंतर भरलेली पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, आणि गेटवर शेवटच्या क्षणी पोचणारा याच रांगेत अडकतो. टर्मिनल ४ मध्ये तपासणी आधीच होते, पण तिथे एमआरटी (मेट्रो) नाही. शटल बससाठी २० मिनिटं जास्त ठेवा.

पावसाचं सांगायचं तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली दुपारनंतरची विमानं शक्यतो टाळा. वीज जवळ आली की ग्राउंड स्टाफला ॲप्रनवरून (विमानं उभी असतात त्या मोकळ्या जागेवरून) आत घेतात. विमान उतरलेलं असतं, पण बॅगा पोटातच. सकाळचं विमान बरं.

भारतीय पासपोर्टवर मलेशियाला सध्या ३० दिवस व्हिसा लागत नाही, सिंगापूरला लागतो. सिंगापूरला परतायचं असेल तर तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे निघण्याआधी बघा. दोन्ही देशांची डिजिटल अरायव्हल कार्डं पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची, दोन्ही मोफत. पैसे मागणारी साइट दिसली की ती चुकीची.

एकूण हिशेब: विमानतळ गाठायला ४५ मिनिटं, आधी पोचायचं म्हणून १०५, तिकिटावरची ७०, उतरल्यावर इमिग्रेशन आणि चाल ४०, ट्रेन वाट बघण्यासकट ४५. झाले पाच तास. बसलाही पाच ते सहाच लागतात, उतरवते थेट शहरात. फक्त पाठपिशवी आणि मोबाइलवर बोर्डिंग पास असेल तर विमानानं अर्धा-पाऊण तास वाचतो. चेक-इन बॅग असली की बसच परवडते, शुक्रवारची संध्याकाळ सोडून.