आजारपणानंतरची पहिली मैफल: घरची बैठक, देवळातलं गाणं की नाट्यगृह?

न्यूमोनिया, बायपास किंवा केमोथेरपीतून उठलेल्या माणसाला गोव्यात घरचे बहुधा सांगतात, "आधी ओळखीच्यांकडच्या बैठकीला जाऊन बघ, कला अकादमीच्या नाट्यगृहाचं नंतर बघू." आमच्या मते क्रम उलटा हवा.

गाणं ऐकून माणूस फारसा थकत नाही, बोलून थकतो. घरच्या बैठकीला वीस-पंचवीस माणसं असतात आणि सगळी ओळखीची. दारातच "किती गो वाळलीस!" सुरू होतं, मग तोच आजार दहा जणांना दहा वेळा सांगायचा. दम अजून पुरत नसेल तर तानपुरे जुळेपर्यंतच अंगातलं त्राण संपतं. मध्येच निघायचं तर गायकाच्या नजरेसमोरून उठावं लागतं, म्हणून लोक त्रास होत असूनही बसून राहतात. त्यात बैठक जमिनीवर. बायपासनंतर छातीचं हाड सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. सतरंजीवरून उठताना आपण नकळत दोन्ही तळहात टेकून अंग वर ढकलतो आणि तो सगळा ताण त्याच हाडावर येतो. जायचंच असेल तर यजमानांना आदल्या दिवशी फोन करून दाराजवळ खुर्ची ठेवायला सांगावं. त्यांना त्यात काहीच अवघड नसतं.

नाट्यगृहात हे प्रश्न निम्म्याने कमी होतात. पणजीची कला अकादमी असो, मडगावचं रवींद्र भवन असो की फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, बाल्कनी टाळून खालच्या मजल्यावरची, दाराकडची, रांगेच्या टोकाची खुर्ची धरावी. दिवे मंद झाले की कोणी काही विचारत नाही. ख्याल संपून टाळ्या पडल्या की निघावं, कोणाचा रसभंग होत नाही. उठण्याआधी खुर्चीतच घोटे दहा-पंधरा वेळा वरखाली करावेत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बराच वेळ बसून एकदम उभं राहिल्यावर भोवळ येऊ शकते. एसीसाठी शाल हवीच. मध्यंतराच्या गर्दीत जाऊ नये, त्याआधीच पाच मिनिटं स्वच्छतागृहात जाऊन यावं. सकाळचं सत्र असेल तर तेच निवडावं: अंगात ताकद असते आणि परतीची बसही मिळते. रात्री आठनंतर गावाकडच्या बसचा भरवसा नाही. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव चालू असेल तर कांपालला, म्हणजे कला अकादमीच्या परिसरात, गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा कोणीतरी दाराशी सोडणारं हवं.

नाट्यगृहाचा खरा दोष म्हणजे बंद हवा. केमोच्या डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, औषधाप्रमाणे थोडं मागेपुढे. त्या दिवसांत बंद सभागृहात जाऊच नये. एरवीही एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवून आणि डॉक्टरांना विचारूनच जावं.

अशांना मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा देवळांच्या आवारातलं गाणं बरं, हवा मोकळी असते. मात्र तिथेही गर्दीपासून दूर, कडेला, ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर येणार नाही अशी खुर्ची ठेवावी. केमोने किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर अनवाणी चालताना खडा टोचलेला कळत नाही, जाड मोजे घालावेत. वेळेचा मात्र नेम नाही. पालखीला उशीर झाला की गाणंही पुढे जातं, त्यामुळे रात्रीची गोळी आणि थोडं खाणं पिशवीत असू द्यावं. जत्रेतलं रात्री उशिरा उभं राहणारं नाटक यंदा नको. जवळच्या अग्रशाळेत (देवळाच्या भक्तनिवासात) खोली आधी सांगून ठेवली तर दुपारी पोचून आडवं होता येतं, हा फायदा कुठल्याच नाट्यगृहात नाही.

तिकीट काढण्याआधी घरीच तालीम करावी. कार्यक्रमाच्या वेळेला कपडे करून दहा मिनिटं चालायचं आणि मग दोन तास खुर्चीत ताठ बसून रेकॉर्ड ऐकायची. छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावं. नुसता थकवा असेल तर तो बहुधा दुसऱ्या दिवशी कळतो. दुपारपर्यंत तो उतरला नाही तर पंधरा दिवस थांबून पुन्हा बसून पाहावं.