आरओ-डीआय युनिट, ७५ जीपीडी : सोलापूरच्या पाण्यावर सहा महिने वापरून

घरी तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, काच धरून १६० लिटरचा, दगड वाळू वजा केली तर पाणी १३० च्या आसपास. फक्त सॉफ्ट कोरल ठेवतो, झोआ, लेदर, केनिया ट्री, मशरूम आणि एक झेनिया होता. कडक कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्या वाटेला मी जात नाही आणि कुणीही जाऊ नये असं मनापासून वाटतं. हे युनिट, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून पाण्यातले उरलेसुरले क्षारही काढणारं, दिवसाला ७५ गॅलन (जीपीडी) क्षमतेचं, मी जूनमध्ये सात रस्त्याजवळच्या एका आरओ मेकॅनिककडून जुळवून घेतलं, सगळं धरून साडेसात हजार गेले. पण ते का घ्यावं लागलं हे सांगितल्याशिवाय बरं वाईट सांगण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये झेनिया थांबला. ज्यांनी पाळलाय त्यांना माहितीय, त्याचे पंजे सारखे उघडमीट करत असतात, तेच बघायला माझी मुलगी शाळेतून आली की आधी टँकसमोर बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, हा हलत का नाही?" आठवड्यात तो विरघळून गेला. मग लेदर मिटला, त्याचं मला एवढं वाटलं नाही कारण लेदर अधूनमधून वरचं मेणासारखं पापुद्र्याचं कातडं टाकतो आणि चार पाच दिवसांनी परत फुलतो, पण हा पंधरा दिवस झाले तरी उघडेना. झोआची माझी आवडती नारिंगी कॉलनी २३ तोंडांची होती, मे अखेर ९ राहिली.

आता टेस्ट बघा. खारटपणा १.०२५, अमोनिया शून्य, नायट्रेट १०, केएच (पाण्याची क्षारता) ८, कॅल्शियम ४२०. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर संशय आला म्हणून ३५ पीपीटीच्या सोल्युशनवर तोही तपासला, बरोबर होता. तापमान दुपारी २८ च्या वर जात होतं हे खरं, बाहेर ४३ असताना काय करणार, पण पंखे लावलेले होते आणि आधीच्या दोन उन्हाळ्यात ह्याच तापमानाला हेच कोरल टिकले होते. ज्या ऑनलाइन दुकानातून सामान घेतो त्यांना फोटो पाठवले तर त्यांनी अमिनो ॲसिडची बाटली विकली, मग कोरल डिप (कोरल बुडवून धुवायचं औषध) विकलं, लाइट कमी करा म्हणाले, पाणी कुठलं वापरता हे एकदाही विचारलं नाही. त्यात दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

मला जाग आली ती गोगलगायींमुळे. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सहा टर्बो होत्या, त्या एकेक करून काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडायला लागल्या, सरळ करून ठेवली तरी चिकटायची नाही. शंखातला खेकडाही गेला. आणि क्लाउन माशांची जोडी मात्र ठणठणीत, खातायत, भांडतायत. मासे मजेत आणि बिनकण्याचं सगळं मरतंय म्हटलं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जे औषध देतात त्यात बरेचदा तांबं असतं, मासा तेवढं सोसतो पण गोगलगाय आणि कोरल सोसत नाहीत. पण माझ्या टँकमध्ये तांबं येणार कुठून, मी तर कधी औषध घातलेलंच नाही.

स्वयंपाकघरातून येत होतं. पाडव्याला एक्स्चेंज ऑफरमध्ये आम्ही नवीन प्युरिफायर घेतला होता, त्यात तांब्याचं कार्ट्रिज आहे, पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं, माणसांना प्यायला ते चालतं. शिवाय चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रूही असतो, त्यामुळे शुद्ध झालेलं पाणी ७० टीडीएसचं (विरघळलेले क्षार, पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) निघत होतं. जुना साधा आरओ होता तोपर्यंत त्याचंच पाणी टँकला जायचं, नवीन आल्यावर सवयीनं ह्याचं जायला लागलं. आमच्याकडची उन्हाळी हवा किती कोरडी असते तुम्हाला सांगायला नको, पंखे लावल्यावर रोज साडेतीन लिटर पाणी उडतं, म्हणजे महिन्याला शंभर लिटरच्या वर. उडतं ते नुसतं पाणी, त्यातलं विरघळलेलं सगळं टँकमध्येच राहतं. ७० टीडीएसचं शंभर लिटर म्हणजे ७ ग्रॅम काहीबाही दर महिन्याला, त्यातच तांबं. आणि टीडीएस मीटरवर हे कळत नाही, मीटर पूर्ण पीपीएममध्ये बोलतो आणि तांबं त्याच्या दशांशात मारतं.

खात्री कशी केली तर पुण्याहून ट्रॅव्हल्सनी पॉली-फिल्टरचा पॅड मागवला. पांढरा असतो, साधा घाणीनं तपकिरी होतो, तांबं शोषलं तर निळा पडतो. चौथ्या दिवशी सकाळी काढला तर खालच्या कडेला निळसर पट्टा, खिडकीत नेऊन उजेडात धरला, बायकोला दाखवला, ती म्हणाली अगं बाई हे तर मोरचुदासारखं दिसतंय. बरोबर तोच रंग.

तर आता युनिट. सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडी मेंब्रेन, बूस्टर पंप आणि शेवटी डीआय रेझिनचा दहा इंची डबा, दोन ठिकाणी टीडीएस दाखवणारा मीटर. मेकॅनिकला शून्य टीडीएस पाहिजे म्हटल्यावर तो आधी तयारच होईना, "अण्णा, असलं पाणी प्यायलात तर अंगाला लागणार नाही बघा," म्हणाला, टँक बघायला घरी आला तेव्हा त्याला पटलं. आमच्या नळाला उजनीचं पाणी, माझ्या मीटरवर ४१० टीडीएस, मेंब्रेननंतर १२ आणि डीआयनंतर ०. सहा महिन्यात हे आकडे फारसे हलले नाहीत. बूस्टर पंप नक्की घ्या, गच्चीवरच्या टाकीच्या नुसत्या उतारावर मेंब्रेन चालत नाही. वीस लिटरचा जार भरायला पावणेदोन तास लागतात.

तक्रारी पण आहेत. पहिल्यांदा त्यानं रेझिन डब्यात सैल भरलं आणि पाणी वरून खाली सोडलं, मग पाणी एका बाजूनं वाट काढून गेलं, दहा दिवसात रंग बदलणाऱ्या रेझिनचा एकाच बाजूला उभा पट्टा पडला आणि बाकीचं तसंच. बोलावून परत भरून घेतलं, ठासून, आणि पाणी खालून वर. पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. दुसरं, युनिट बंद राहून परत चालू केलं की पहिली दोन मिनिटं मेंब्रेनमधून ४५-५० चं पाणी येतं आणि ते सरळ रेझिनवर गेलं तर रेझिन लवकर संपतं, ते बाहेर सोडायला व्हॉल्व्ह दिलेलाच नव्हता, नळीला टी-जोड टाकून नंतर बसवला. तुम्ही करून घेत असाल तर सुरुवातीलाच सांगा. डब्याची ओ-रिंग दोनदा ठिबकली.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाया जाणारं पाणी. वीस लिटर चांगल्या पाण्यामागे साठ-पासष्ट लिटर बाहेर पडतं आणि आमच्या भागात नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, माशासाठी एवढं पाणी ओतायचं का रे? तिचं चूक नव्हतं. आता ती नळी थेट पिंपात सोडली आहे, त्यावर लादी, अंगण, संडास सगळं होतं आणि नळाचं पाणी येतं त्याच दिवशी युनिट चालवतो. ज्यांच्याकडे ते साठवायला जागा नाही त्यांना मी हे घ्या म्हणणार नाही.

टँकचं म्हणाल तर आठ आठवडे दर रविवारी २५ लिटर पाणी बदललं, सोबत कार्बन आणि पॅड, तिसरा पॅड निळा पडला नाही. दगडात मुरलेलं तांबं हळूहळू सुटतं म्हणून घाई केली नाही. लेदर जुलैच्या शेवटी फुलला, झोआ आता १७ आहेत. झेनिया परत आणलेला नाही, मुलगी विचारते, जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की आणू म्हटलंय. रेझिन ऑक्टोबर अखेरीस मीटर ० वरून २ झाल्यावर बदललं. आणि दिवाळीनंतर दोनच टर्बो आणून सोडल्या होत्या, त्या रोज रात्री काच अर्धी अर्धी साफ करतायत.